पाणी कसं शिवायचं?

शाळेच्या स्नेहसंमेलनात समुद्र दाखवायचा असेल तर आपल्याकडे त्याची एक ठरलेली रीत आहे. कुणाच्या तरी आईच्या दोन निळ्या साड्या मागून आणायच्या, दोन्ही विंगांत उंच मुलं उभी करायची आणि त्यांनी टोकं धरून साड्या हलवत राहायचं. मग मागून मासे येतात. माशांच्या पोटाला पुठ्ठा, पुठ्ठ्याला चंदेरी कागद, दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना. साडीचा समुद्र सगळ्यांना पटतो. पुठ्ठ्याचा मासा मात्र शेवटपर्यंत पुठ्ठ्याचाच राहतो, आणि त्याला टाळ्या पडतात त्या तो कुणाचा मुलगा आहे हे ओळखू आल्यामुळे.

यात मासा करून देणाऱ्या बाईंचा काही दोष नसतो. पाण्यातला जीव पाण्याबाहेर उभा केला की त्याचं निम्मं रूप पाण्यातच राहून जातं. मी ब्लू बॉटल या निळ्या, जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवाचा पोशाख करायला घेतला तेव्हा सगळी झटापट या निम्म्या रूपासाठीच होती.

कॉस्प्ले, म्हणजे एखाद्या पात्राचा पोशाख करून ते पात्र होऊन मिरवणं, हे आता घरोघरी माहीत आहे. घरात एक तरी कॉलेजात जाणारं पोर असतं, आणि त्याच्या कपाटात एक तरी न धुतलेला विग असतो. आपल्याकडे पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांची जत्रा, २०११ साली दिल्लीत भरलं, पुढे मुंबईत सुरू झालं आणि माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या, चाळिशीकडे निघालेल्या बायकांनाही एक निमित्त मिळालं. या नादाचा इतिहास सांगताना न्यूयॉर्कला १९३९ साली भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचं नाव घेतात. फॉरेस्ट अॅकरमन तिथे भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख घालून गेला आणि त्याचं नाव झालं. तो पोशाख शिवला होता त्याच्याबरोबर गेलेल्या मर्टल डग्लसने. तिच्या अंगावरचाही तिनेच शिवलेला. शिवणारीचं नाव मागाहून येतं, तिकडेही.

मी आधी चिलखतं करायचे. इव्हा फोमच्या शीटा आणायच्या, कागदावर बेतून कापायच्या, हीट गनने तापवून वाक द्यायचा आणि फेविकॉल एसआर ९९८ दोन्ही कडांना लावून, तो चिकट होईपर्यंत थांबून जोडायच्या. वर रंगाचे हात. चिलखताला चिकाटी लागते, डोकं फारसं लागत नाही, असं माझं मत आहे. चिलखतवाल्या मित्रांना ते आवडत नाही. पण खरं सांगायचं तर चिलखत मुळात माणसाच्या अंगासाठीच घडवलेलं असतं. त्याला खांदा, कोपर, गुडघा सगळं ठाऊक असतं. समुद्रातल्या प्राण्याला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला वजन नाही, कारण ते पाण्याने उचललेलं आहे. त्याला टोक नाही, कारण टोक कुठे संपतं ते पाणी दर क्षणी बदलतं.

हा पेच माझ्याआधी फार मोठ्या लोकांना पडला होता. एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहालयांपुढे अडचण अशी की पक्ष्यात पेंढा भरता येतो, भुंगा टाचणीला लावता येतो. जेलीफिश मात्र स्पिरिटच्या बरणीत घातली की तिचा रंग उडतो, आकार बसतो आणि तळाशी पांढुरका लगदा उरतो. यावर तोड काढली ड्रेस्डेनच्या लिओपोल्ड ब्लाश्का या काचकाम करणाऱ्याने. १८५३ साली तो अमेरिकेला निघाला होता आणि वारा पडल्यामुळे त्याचं जहाज अझोर्स बेटांजवळ अडकून पडलं. त्या रिकाम्या दिवसांत तो कठड्यावरून पाण्यात पाहत बसला, रात्री उजळणाऱ्या जेलीफिशची चित्रं काढत बसला. पुढे १८६३ पासून त्याने, आणि नंतर त्याच्याबरोबर त्याचा मुलगा रुडॉल्फ याने, समुद्रातल्या मऊ जिवांच्या काचेच्या प्रतिकृती करून जगभरच्या संग्रहालयांना विकल्या. त्यांच्या यादीत असे सुमारे ७०० नमुने होते. जगातल्या सगळ्यात लिबलिबीत वस्तूसाठी त्यांनी सगळ्यात ठिसूळ वस्तू निवडली. त्या प्रतिकृतींचे फोटो मी मोबाइलवर मोठे करून करून पाहिलेत. काच हलत नाही, तरी ती आत्ता हलेल असं वाटतं. पण ब्लाश्का बापलेकांना एक सवलत होती. त्यांची जेलीफिश घालून कुणी गोरेगावला कॉमिक कॉनच्या गर्दीत फिरणार नव्हतं.

ब्लू बॉटलच का, तर ती आपली. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा तिला मुंबईच्या वाळूवर आणून टाकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये तर जुहू, अक्सा, गिरगाव सगळीकडून डंखांच्या बातम्या येत होत्या. वाळूत मरून पडलेलीसुद्धा डंख मारते, म्हणून लांबूनच बघायची. तिला सगळे जेलीफिश म्हणतात, पण ती जेलीफिश नाही, एक प्राणीही नाही. ती अनेक जिवांची वसाहत आहे. कुणी तरंगण्याचं काम करतो, कुणी शिकारीचं, कुणी पचवण्याचं. या वसाहतीवरून माणसाच्या समाजाबद्दल काहीतरी गहन लिहिण्याचा मोह होतो. पण शिवणारीला त्याचा काडीचा उपयोग नाही, तेव्हा ते राहू दे.

उपयोग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. जेलीफिशच्या अंगात सुमारे ९५ टक्के पाणी असतं आणि किनाऱ्यावर आली की तिची चकती होऊन बसते. ब्लू बॉटलचा फुगा मात्र वाळूतही टरटरून राहतो, कारण तो वायूने भरलेला असतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर ती स्वतः तयार करते. म्हणजे हा जीव निम्मा वाऱ्यात जगतो आणि निम्मा पाण्यात. वरचा भाग हवेत राहायला शिकलेला आहे, तेव्हा तो शिवता येईल. खालच्या तंतूंचं पुढे बघू. एवढं ठरल्यावर मी वही काढली.

फुग्याचा आकार करंजीचा. वरच्या कडेला मुरडही असते, गुलाबी-जांभळट, आणि तीच तिचं शीड. डोक्यावर ही हातभर लांब करंजी पेलायची, ती आरपार दिसली पाहिजे, तिच्यातून उजेड आला पाहिजे आणि तिचं वजन मानेला कळता कामा नये. परदेशी व्हिडिओंमध्ये यासाठी जी प्लास्टिकं सुचवतात ती इथे मागवायची तर पगार संपेल. दोनचार रात्री डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की आतून उजेड, बाहेरून पातळ आवरण आणि अंगाने हलकी अशी वस्तू आपण दर दिवाळीत खिडकीत टांगतो. माहीमच्या कंदील गल्लीत ती शेकड्यांनी लटकलेली असते. मग बांबूच्या कामट्या आणल्या. रात्रभर पाण्यात भिजवल्या, सकाळी मेणबत्तीच्या धगीवर हळूहळू वाकवल्या, सुतळी सोडवून काढलेल्या बारीक दोऱ्याने सांधे बांधले. आकाशकंदिलाला सहसा सरळ रेघा असतात, इथे एकही सरळ रेघ नको होती. प्रत्येक कामटी वेगळ्या वाकाची. त्यावर कागदाऐवजी ऑर्गन्झा ताणून टाचला. सांगाडा डोक्यावर ठेवलाच नाही, जुन्या सॅकचे पट्टे काढून तो खांद्यांवर तोलला. डोकं आत नुसतं होतं, भार नव्हता.

शीड डावीकडे झुकवायचं की उजवीकडे, हा प्रश्न मला शिवताना पडला. तोवर तिच्याबद्दल इतकं वाचलं होतं, पण हे कधी मनात आलं नव्हतं. शोधलं तर कळलं की दोन्ही प्रकार असतात. काहींचं शीड डावीकडे वळलेलं, काहींचं उजवीकडे. एकच वारा सुटला की दोन्ही वेगवेगळ्या दिशांना जातात, त्यामुळे सगळाच्या सगळा ताफा एकाच किनाऱ्यावर लागून मरत नाही. कापडावर खडूने रेघ मारायची असल्याशिवाय असली माहिती कुणी शोधत नाही. माझा उजवा खांदा दुखरा आहे, म्हणून मी डावीकडे झुकणारी झाले.

रंगाचं काम मला सगळ्यात आवडतं, आणि त्याबद्दल थोडं ऐसपैस लिहिणार आहे. पॉलिस्टरला साधा घरगुती रंग चढत नाही, तो नुसता वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. नायलॉनला मात्र आम्लात काम करणारे रंग चढतात, तेच जे रेशीम आणि लोकर रंगवायला वापरतात. आम्ल म्हणजे घरातला व्हिनेगर. म्हणून खालच्या तंतूंसाठी पांढरी नायलॉनची जाळी घेतली. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, यात निळी आहे ना, तयार.’ होती, पण तो निळा फ्रॉकचा निळा होता. ब्लू बॉटलचा निळा एक नसतो. फुग्याशी तो जवळजवळ नसतोच, नुसता काचेवरचा भास. खाली येताना तो गडद होत जातो, आणि जिथून तंतू सुटतात तिथे इतका दाट होतो की त्यात जांभळा कुठे मिसळला ते सांगता येत नाही. हे साधायचं तर कापड एकदम बुडवायचं नाही. जुन्या पातेल्यात (जे नंतर पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही) पाणी वाफाळतं ठेवायचं, जाळीचं टोक तेवढं सोडायचं आणि बोटाबोटाने वर उचलत राहायचं. जो भाग जास्त वेळ खाली, तो जास्त गडद. रंग हळूहळू पातेल्यातलं पाणी सोडून कापडात जातो, आणि शेवटी पातेल्यात जवळजवळ स्वच्छ पाणी उरतं. ते उरलेलं निवळ पाणी पाहिलं की मला दरवेळी काहीतरी फुकट मिळाल्याचा आनंद होतो. घरभर मात्र लोणच्याच्या कारखान्याचा वास सुटतो.

आई तेव्हा वेंगुर्ल्याहून आली होती. ओट्यापाशी उभी राहून तिने बराच वेळ हे पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हावऱ्याक कपडे कोण शिवता गो?’ मग मशीनवर बसून अर्ध्या तासात तिने माझ्या सगळ्या टिपा उसवून पुन्हा घातल्या. आईला सरळ टीप आणि तिरकी टीप यांत जो फरक दिसतो, तो मला चष्मा लावूनही दिसत नाही.

तिच्याशी बोलताना खालच्या भागाचा पेच थोडा सुटला. जाळीच्या सरळ पट्ट्या कापल्या तर त्या सरळ लोंबतात, दारातल्या पडद्याच्या झाल्या. पण गोल कापड घेऊन कडेपासून मधल्या बिंदूपर्यंत गोल गोल कापत गेलं, आणि निघालेली लांब पट्टी उचलून धरली, तर ती सरळ पडूच शकत नाही. तिची आतली कड तोकडी असते आणि बाहेरची लांब. जास्तीच्या लांबीला कुठेतरी जायचं असतं, म्हणून ती लाटा घेते. या लाटा कुणी घातलेल्या नसतात. त्या कापण्यातच असतात, आणि म्हणून पट्टी हलली की त्या जागा बदलतात. याला जोड दिली तंगुसाची. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून जाडसर तंगूस आणला आणि बाहेरच्या कडेच्या बारीक दुमडीत भरून वरून टीप मारली. तंगूस रिळावर गुंडाळलेला असतो, त्या गोलाव्याची सवय त्याला सुटत नाही. कापडात गेल्यावरही तो वळायला बघतो आणि कड उचलून धरतो. मासा पकडायचा दोरा माशाच्या अंगात शिवला, यातला विनोद आईला माझ्याआधी दिसला.

अटलांटिकमधल्या मोठ्या जातीचे तंतू ३० मीटरपर्यंत जातात. माझे जमिनीच्या चार बोटं वर थांबले, कारण जत्रेत लोक पाय ठेवतात.

उजेडाचं गणित सरळ होतं. सुटे सुटे रंग देता येणाऱ्या पाच व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मिळतात. त्यातला एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर खातो. पन्नास दिवे म्हणजे तीन अँपिअर, आणि खिशात बसणाऱ्या साध्या पॉवर बँकेला ते झेपत नाही. पण प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन ठिपके असतात, आणि मला निळाच हवा होता. खर्च एक तृतीयांशावर आला. बारक्या आर्डुइनोने, म्हणजे हवा तसा प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डने, उजेड सावकाश चढायचा आणि सावकाश उतरायचा, भरतीचा दम असावा तितका. बाकी वायरी, डाग देणं, इन्सुलेशन टेप, यात सांगण्यासारखं काही नाही. ते कंटाळवाणं काम आहे आणि ते नीटच करावं लागतं, कारण घाम येतो.

कापड आणि विजेचा उजेड यांची जोडी जमवण्याचं श्रेय मी मनोमन लोई फुलर या अमेरिकन नर्तकीला देते. १८९०च्या दशकात ती पॅरिस गाजवत होती. शेकडो हात रेशमाचा झगा, बाह्यांच्या आत शिवलेल्या लांब काठ्या आणि वर रंगीत दिव्यांचे झोत. काठ्या फिरवल्या की बाई नाहीशी व्हायची आणि कधी फूल, कधी ज्वाळा, कधी लाट दिसायची. १८९४ साली तिने त्या झग्याचं पेटंट घेतलं. तिच्या नाचाच्या नकला करणाऱ्या पुष्कळ होत्या, तेव्हा पेटंटचं कारण समजण्यासारखं आहे. मला तिच्यात आवडतं ते हे की ती लाटेचं चित्र अंगावर घालत नव्हती. कापडाकडून ती लाटेचं काम करून घ्यायची.

आणि इथेच माझं घोडं अडलं. पोशाख पूर्ण झाला, आरशासमोर उभी राहिले, दिवे लावले. दिसत होतं छान. मी दोन पावलं चालले आणि सगळं गेलं. ठाण्याच्या स्टेशनवर जिना उतरणारी बाई डोक्यावर कंदील घेऊन चालली होती.

माझा मामा तरुणपणी दशावतारात संकासुर करायचा. मुख्य नाटकाच्या आधी जो आडदशावतार होतो त्यातला हा संकासुर, वेद पळवणारा आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणारा. कथेत तो समुद्रातला. पण अंगावर समुद्राचं काहीही नाही. काळा झगा, काळा मुखवटा. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. ते बाकडं कधी सिंहासन, कधी डोंगर, कधी रथ. देवळासमोर रात्रभर हा खेळ चालतो, आणि समुद्र कुठे आहे असं जत्रेतलं कुणी विचारत नाही. मामाला व्हिडिओ कॉलवर पोशाख दाखवला. त्याने कामट्यांची बांधणी पाहिली, बरी आहे म्हणाला. मग म्हणाला, चालून दाखव. मी चालले.

‘घाई करू नको गो,’ तो म्हणाला. ‘तुका खंय जावचा आसा?’

ब्लू बॉटलला कुठेही जायचं नसतं. ती पोहत नाही. वारा नेईल तिकडे ती जाते. मामाला तिच्याबद्दल यातलं काहीएक माहीत नव्हतं, त्याने नुसता माझ्या चालण्यातला स्टेशन पकडण्याचा भाव हेरला होता. मग फोन कुठेतरी टेकवून तो स्वतः उठला, सत्तरीतला माणूस, आणि पडवीत चालून दाखवू लागला. गुडघे जरा सैल. टाच टेकवायची नाही. आधी छाती सरकते, कंबर मागून येते, पाय सगळ्यात शेवटी, ओढत आणल्यासारखे. थांबायचं तर एकदम थांबायचं नाही, थांबल्यावरही अंगातलं थोडं पुढे जाऊ द्यायचं. मी तंगूस, गोल काप आणि पन्नास दिवे खर्चून जे आणायला बघत होते, ते त्याने लुंगी आणि बनियनवर आणलं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. घरच्या पॅसेजमध्ये मग रोज रात्री सराव. शेजारच्या काकू एकदा दार उघडून बाहेर आल्या, बघितलं आणि आत गेल्या. विचारलं नाही त्यांनी काही, पण लिफ्टमध्ये आता जरा जपून बोलतात.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळा पसारा लोकलच्या मालडब्यातून नेला. तिथे टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणींनी मला जागा करून दिली. एकीने ऑर्गन्झाकडे पाहिलंही नाही, तंतूंची कड बोटांत धरून चाचपली आणि विचारलं, ‘तंगूस कितीचा घेतलास?’ सांगितल्यावर ती म्हणाली महाग पडला, आणि कुठल्या बंदरावर स्वस्त मिळेल ते सांगितलं. त्या दिवसभरात माझ्या कामाची इतकी नेमकी दखल पुन्हा कुणी घेतली नाही.

हॉलमध्ये पोरं ‘जेलीफिश, जेलीफिश’ करत आली. मी दुरुस्त केलं नाही. एका लहान मुलीने मात्र लांब उभं राहूनच विचारलं, ‘हात लावला तर चावेल?’ मी म्हटलं, हो. तिचे बाबा हसले, पण ती जवळ आली नाही, आणि तिचंच बरोबर होतं. चालणं बऱ्यापैकी जमत होतं, तरी गर्दीत तरंगायला जागा मिळत नव्हती. माणसं अंगावर येत होती, तंतू कुणाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकत होते. आत घामाच्या धारा. बसता येत नाही, पाणी प्यायचं तर मैत्रिणीने स्ट्रॉ धरायचा.

मग हॉलच्या एका कोपऱ्यात मोठा उभा पंखा दिसला, लोखंडी, मांडवात ठेवतात तसला. त्याच्यासमोरून जाताना मला आधी फक्त गार वाटलं. फोटो काढणारा एक मुलगा ओरडला, ‘ताई, तिथेच थांबा!’ मान वळवून पाहिलं तर सगळे तंतू जमिनीवरून उचलले गेले होते आणि एकाच बाजूला वाहत होते, कडांवरच्या लाटा टोकाकडे पळत होत्या, आणि डोक्यावरचं शीड डावीकडे कलून खरोखरच वारा खात होतं. मी काहीच करत नव्हते. घरी इतक्या वेळा तो पोशाख घालून उभी राहिले, पण सिलिंग फॅन दिव्यांना आणि कामट्यांना लागेल म्हणून दरवेळी बंदच ठेवला होता.

संध्याकाळपर्यंत मी ती जागा सोडली नाही. पूर्ण फोमचं चिलखत घातलेला एक घामाघूम योद्धा बराच वेळ बाजूला ताटकळत उभा होता. शेवटी शिरस्त्राण काढून, अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, ‘ताई, जरा सरकता का? पाच मिनिटं फक्त.’